हनोई ते सायगाव, एकाच फेरीत
तुमच्या व्हिएतनाम सहलीच्या यादीतलं हनोई, हा लाँग (हनोईजवळचा उपसागर), होई आन (मधल्या भागातलं जुनं शहर) आणि सायगाव (म्हणजे दक्षिणेतलं हो ची मिन्ह सिटी) दहा दिवसांत जमेल. उत्तरेच्या डोंगरातलं सापा आणि दक्षिणेचं फु क्वोक बेट मात्र यादीतून आत्ताच काढा. नवखे इथेच फसतात. नकाशावर व्हिएतनाम चिंचोळा दिसतो, पण हनोई-सायगाव रेल्वेने १,७०० किमीहून जास्त, तीस तासांच्या वर!

- जाताना हनोईत उतरा, परतीचं विमान सायगावहून घ्या. उलटं उत्तरेला येण्यात अख्खा दिवस जातो.
- मध्ये दा नांगपर्यंत विमान. पुढे होई आन गाडीने तासाभरात.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळा. तेव्हा हनोईत हवा मस्त असते, पण होई आनच्या जुन्या गल्ल्यांत पाणी भरतं.

हा लाँगहून परतायच्या दिवशी पुढचं विमान ठेवू नका. हॉटेलांचं नंतर बघू, आधी तारखा कळवा.