फेअरफर्डच्या काचा बघायला जाताय? मग क्रम धरून बघा

इंग्लंडमधल्या फेअरफर्डच्या सेंट मेरीज चर्चमधे बायबलमधल्या गोष्टी रंगीत काचांच्या खिडक्यांवर चितारल्यात. तिथे पहिल्यांदा जाताय ना, तर आत शिरल्या शिरल्या पश्चिमेच्या मोठ्या खिडकीकडे धावू नका, तिच्यातला लाल सैतान शेवटी बघा. सुरुवात उत्तरेकडच्या ईव्हपासून, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या स्त्रीपासून करा, मग येशूची आई मेरी हिची गोष्ट, मग पूर्वेला येशूचा क्रूस, असं फिरत गेलं की २८ खिडक्यांची मांडणी आपोआप उलगडते. चर्च लोकरीचा व्यापारी जॉन टेम याने नव्याने बांधायला घेतलं, काचा साधारण १५०० ते १५१७ च्या. दुर्बीण न्याच, कारण वरच्या ओळीतल्या खिडक्यांत उत्तरेला ख्रिस्ती लोकांचा धर्मछळ करणारे आणि बरोब्बर समोर दक्षिणेला धर्मासाठी प्राण दिलेले हुतात्मे, ही जोडी नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाही. पश्चिमेच्या खिडकीचा वरचा भाग १७०३ च्या वादळात फुटला, आत्ताचा व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला आहे, जुनं काम खाली बघा.