सशाचं पोट: आधी लेंड्या बघा, मग बोलू

या वेळचे निम्मे प्रश्न "डॉक्टर, ससा खात नाहीये" याच टाइपचे आहेत, आणि त्यातले दोन तर ससा खायचा बंद होऊन दोन दिवस झाल्यावर आलेत, म्हणून आधी तोच विषय घेते.

प्रश्न: आमचा मोती दोन वर्षांचा आहे, वजन १ किलो ८०० ग्रॅम. घरी पाहुणे होते, मुलांनी त्याला बिस्किटं आणि केळं भरपूर भरवलं. काल संध्याकाळपासून काहीच खात नाहीये, कोपऱ्यात अंग आखडून बसलाय, दात करकर वाजवतोय. शेजारचे म्हणतात पोटात केस अडकले असतील, अननसाचा ज्यूस द्या. सकाळपर्यंत वाट बघू का? (एक ताई, डोंबिवली)

ताई, अजिबात वाट बघू नका. (हे मी त्यांना त्याच रात्री फोनवर सांगितलंय, असला प्रश्न पुढच्या कॉलमपर्यंत ठेवता येत नाही, इथे बाकीच्यांसाठी लिहितेय.)

कुत्र्याने एक दिवस खाल्लं नाही तर आपण म्हणतो चला, लंघन झालं, पोटाला आराम. सशाला लंघन चालत नाही. त्याचं आतडं शेतातल्या पाटासारखं असतं, मागून पाणी येत राहिलं तरच पुढचं सरकतं, मागून यायचं थांबलं की आहे तिथे गाळ. त्यात सशाला उलटी करताच येत नाही, त्यामुळे आत गेलेलं दुसऱ्या वाटेने परत यायचा प्रश्नच नाही. त्याच्या आतड्याला सीकम नावाची एक मोठी पिशवी असते, तिथे जिवाणू गवताचा चोथा आंबवून त्याला पोषण काढून देतात, म्हंजे एक प्रकारे पोटातच गोबर गॅस प्लांट आहे असं समजा. त्यात अचानक बिस्किटाचा मैदा आणि केळ्याची साखर पडली की चुकीचे जिवाणू माजतात, गॅस होतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं अजूनच मंद होतं, असं ते चक्र सुरू राहतं. यालाच आम्ही जीआय स्टेसिस म्हणतो.

१० ते १२ तास खाणं बंद किंवा लेंड्या बंद, यातलं एक जरी झालं तरी ती इमर्जन्सी धरायची. दातांचं म्हणाल तर कुरवाळताना हलकेच कुटकुट वाजवतो ती खुशी असते, पण आखडून बसून जोरात करकर करतो तेव्हा त्याला दुखत असतं. कान हातात धरून बघा, गार लागतायत का. थर्मामीटर लावता येत असेल तर सशाचं टेंपरेचर साधारण ३८.५ ते ४० सेल्सिअस असतं, ३८ च्या खाली गेलं असेल तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा आणि तसाच घेऊन निघा.

आणि पोट ढोलकीसारखं टणक झालं असेल, सगळं एकदम तासाभरात झालं असेल आणि ससा हातात लुळा पडत असेल तर तोंडात पाणीसुद्धा घालू नका, पोट चोळू नका. आतडं कुठेतरी ब्लॉक झालेलं असू शकतं, अशा वेळी प्रत्येक तास मोलाचा असतो.

अननसाच्या ज्यूसचं काय सांगू, वर्षानुवर्षं ऐकतेय. त्याने केस विरघळत नाहीत. ससा दिवसभर अंग चाटतो त्यामुळे त्याच्या पोटात थोडे केस कायमच असतात आणि एरवी ते लेंडीतून निघूनही जातात. आतडं थांबलं, आतलं पाणी आटलं की मग त्यांचा गोळा बनतो, म्हणजे गोळा झाला म्हणून पोट थांबलं असं नसून बहुतेक वेळा पोट थांबलं म्हणून गोळा झालेला असतो. आणि ज्यूस म्हणजे परत साखरच की, आधीच केळ्याने जे केलंय त्यावर अजून एक.

डॉक्टरकडे निघण्याआधी फोन करून "सशाचे पेशंट बघता का" एवढं विचारा, बरेच दवाखाने फक्त कुत्री-मांजरं बघतात. तिथे गेल्यावर पोट तपासून, एक्सरे काढून, पेनकिलर आणि कोमट सलाईन मिळेल. ब्लॉकेज नाही हे डॉक्टरांनी सांगितल्यावरच सिरिंजने भरवायचं. रेडीमेड रिकव्हरी फूड नसेल तर त्याच्या नेहमीच्या पेलेट (दुकानात मिळणाऱ्या तयार खाद्याच्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून मिक्सरला गुळगुळीत फिरवा, किलोमागे १० ते १५ मिली, दिवसातून चारेक वेळा, गालाच्या बाजूने थोडं थोडं, गिळू देत देत. समोरून पिचकारी मारली तर फुफ्फुसात जातं. बाळाचं सिरियल नको.

मोतीचं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोट हललं. ताईंनी फोटो पाठवला, वर्तमानपत्रावर तीन लेंड्या, मिऱ्याएवढ्या, वाकड्यातिकड्या. फॅमिली फोटोसुद्धा कोणी इतक्या आनंदाने पाठवत नाही.

प्रश्न: पिंजऱ्यात रोज सकाळी काळी, चिकट, द्राक्षाच्या घडासारखी घाण असते, वास येतो, शेपटीखाली पण चिकटते. जुलाब आहेत का? खाण्यात पेलेट वाटी भरून आणि गाजर, गवत तो खातच नाही. (सांगली)

सांगलीकरांना द्राक्षच आठवणार! पण उपमा एकदम बरोबर आहे. हे जुलाब नाहीत, याला सीकोट्रोप म्हणतात. मघाशी सांगितलेल्या त्या पिशवीत तयार झालेला हा माल असतो, त्यात प्रोटीन आणि बी व्हिटॅमिन असतात, आणि ससा तो गुदद्वाराला तोंड लावून थेट खातो, जास्त करून रात्री किंवा पहाटे. किळस वाटून घेऊ नका, गाय रवंथ करते तसाच हा त्याचा दुसरा घास. एरवी आपल्याला तो दिसतही नाही.

तो पडून राहतो म्हणजे एकतर खाणं इतकं भारी आहे की त्याला याची गरजच वाटत नाही, किंवा तो इतका जाड झालाय की तोंड मागे पोचत नाही, किंवा मग दात नाहीतर पाठ दुखतेय. तुमच्या बाबतीत मला वाटतं ती वाटीच आहे. मोठ्या सशाला किलोमागे दिवसाला २५ ग्रॅम पेलेट खूप झाल्या. गाजर म्हणजे त्याची मिठाई, आठवड्यातून एकदोन चकत्या, रोजचं जेवण नाही. कार्टूनमधल्या सशाने सगळ्यांची दिशाभूल केलीये. गाजराचा पाला मात्र बिनधास्त द्या. पेलेट एकदम बंद नका करू, ७ ते १० दिवसांत हळूहळू कमी करा, समोर गवत कायम ठेवा आणि तो रोज किती खातो यावर लक्ष ठेवा, रुसून उपाशी राहिला तर वरचं उत्तर लागू.

शेपटीखालचं रोज बघायचं, पावसाळ्यात तर नक्कीच. चिकटलेल्या घाणीवर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात, त्या जिवंत सशाचं मांस खातात. कोमट पाण्याच्या कापडाने तेवढीच जागा पुसून कोरडी करा, अख्ख्या सशाला अंघोळ घालू नका.

प्रश्न: टिमोथी हे गवत ऑनलाईन फार महाग पडतं. आमच्याकडे शेत आहे, कडबा आणि लसूणघास भरपूर आहे, ते चालेल का? (छत्रपती संभाजीनगर)

हा प्रश्न मला मनापासून आवडला. टिमोथी हे थंड मुलखातलं गवत, चांगलं आहे, परवडत असेल तर घ्या. पण सशाच्या पोटाला नावाशी घेणं नाही, त्याला लांब धाग्याचं, चावून चावून खायचं गवत हवं आणि ते त्याच्या खाण्याच्या ८० टक्के तरी हवं. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला सुमारे २ मिमी, आणि दाढा झिजतात त्या गवत आडवं रवंदळण्याने, पेलेटने नाही. दाढेला धार आली की जीभ कापते. ससा ताटापाशी येतो, वास घेतो, तोंड फिरवतो, असं दिसलं तर दाढा तपासून घ्या.

आता तुमचा चारा. लसूणघास द्विदल आहे, प्रोटीन आणि कॅल्शियम जास्त, वाढत्या पिल्लाला आणि दूध पाजणाऱ्या मादीला ठीक, मोठ्या सशाला रोजचा चारा म्हणून नको. सशाच्या आतड्यात कॅल्शियम येईल तेवढं जवळपास सगळं शोषलं जातं आणि जास्तीचं लघवीतून टाकलं जातं, मग लघवी खडूच्या पाण्यासारखी होते, पुढे खडेही होतात. कडब्याची वाळलेली पानं चघळायला चालतील, दांड्यात पोषण काही नाही. कोवळी हिरवी ज्वारी अजिबात नको, किरळ लागते (कोवळ्या ज्वारीतलं विष बाधतं) हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग काय द्यायचं? तुमच्या बांधावरची हरळी. हो, तीच, गणपतीची दुर्वा. मारवेल गवत असेल तर तेही उत्तम. फुलोऱ्यावर यायच्या आसपास कापा, फवारणी न झालेल्या जागेचं घ्या, आणि सावलीत पातळ पसरून वाळवा. मी स्वतः बाल्कनीत जुन्या साडीवर वाळवते, सोसायटीतल्या लोकांना वाटतं मी पापड घातलेत. नीट वाळलेलं गवत अजून हिरवट दिसतं, मुठीत दाबलं की कुरकुरतं आणि वास चहाच्या पत्तीसारखा गोडसर येतो. कुबट वास आला, पांढरी भुकटी उडाली की बुरशी, सरळ फेकायचं, जुलै-ऑगस्टमध्ये तर पोतं रोज उघडून हुंगायचं. नवीन गवत जुन्यात मिसळून ७ ते १० दिवसांत बदला.

भाज्यांत कोथिंबीर, पुदिना, शेपू, मुळ्याचा पाला हे मूठभर रोज. पालक कधीतरी. कोबी-फ्लॉवरने काहींना गॅस होतो. कांदा, लसूण, बटाटा, पोळी, पोहे, पाव, बंद म्हणजे बंद.

प्रश्न: बाजारातून आणलेलं पिल्लू, विकणारा म्हणाला एक महिन्याचं आहे. तीन दिवसांत पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. घरी बाळाचं अमोक्सिसिलिनचं सिरप आहे, दोन थेंब देऊ का? दहीभात? (पिंपरी)

नका देऊ, दोन्ही नका देऊ. पोटातून दिलेलं अमोक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन सशासाठी विष ठरू शकतं, चांगले जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम जातीचे माजतात आणि त्यांच्या विषाने ससा दगावतो. माणसाच्या बाळाला चालतं म्हणून सशाला चालेल हा हिशोब इथे लागत नाही. सशासाठी चालणारी अँटिबायोटिक्स आहेत, ती डॉक्टर ठरवतील.

मोठ्या सशाचं "लूज मोशन" बऱ्याचदा सीकोट्रोपच निघतं पण पिल्लाचे पाण्यासारखे जुलाब खरे असतात आणि एका दिवसात जीव घेतात. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू, प्रवास, नवं खाणं, त्यात कॉक्सिडिया नावाचे परजीवी, सगळं एकदम. आजच्या आज जा, ताजी विष्ठा डबीत घेऊन जा, मायक्रोस्कोपखाली बघता येते. तोवर भाजी बंद, फक्त वाळलेलं गवत, पाणी आणि ऊब. आणि पुढच्या वेळी एक महिन्याचं पिल्लू कोणी हातात दिलं तर घेऊच नका.

प्रश्न: ऊस तोडताना सशाचं पिल्लू सापडलं, डोळे उघडे आहेत, अंगावर केस आहेत. गाईचं दूध पाजतोय पण पोट बिघडलं. (एक दादा, बारामती तालुका)

दादा, हा पाळीव ससा नाही. आपण दोघांनाही ससाच म्हणतो पण पाळीव ससा मूळचा युरोपातला, त्याची पिल्लं बिळात उघडी-नागडी, डोळे मिटलेली जन्मतात. तुमच्याकडे आलंय ते रानसशाचं पिल्लू, ते केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतं, आणि आई त्याला सोडून गेलेली नसते, ती दिवसात एखाद्या वेळी, बहुतेक अंधार पडल्यावर येऊन पाजून जाते. दूध थांबवा. जिथे सापडलं त्याच्या जवळच्या आडोशाला संध्याकाळी ठेवा, माणसाचा वास लागला म्हणून आई टाकते ही समजूत आहे. पोट बिघडलेलं आहे, अशक्त वाटत असेल तर वनखात्याच्या १९२६ हेल्पलाइनवर फोन करा. रानससा घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, आणि खरं सांगू का, तो घरात सहसा जगतही नाही.

प्रश्न: सशाला लाल लघवी होतेय, रक्त आहे का? खातोय नीट. (पुणे)

बऱ्याचदा ते पाल्यातल्या रंगामुळे होतं, बीट दिलं असेल तर विचारूच नका. सगळी लघवी एकसारखी नारिंगी-लाल असेल, ससा खेळतोय, लेंड्या वाटाण्याएवढ्या गोल, चिमटीत दाबल्या की गवताचा भुसा होतोय, तर दोन दिवस रंगीत भाज्या बंद करून बघा. लघवीत लाल ठिपके किंवा गाठी असतील, करताना कुंथत असेल, किंवा मादी असेल आणि नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसेल तर मात्र नमुना घेऊन तपासायला न्या, कारण वय वाढलेल्या माद्यांमध्ये ते रक्त गर्भाशयातलं निघू शकतं.