'सांता'त 'संत' शोधू नका

प्रश्न असा आहे: 'सांताक्लॉज' लिहावं की 'सांताक्लॉस', आणि हा सांता म्हणजे आपला संतच ना?

नाही! दर डिसेंबरात हे ऐकावं लागतं. आपला 'संत' आला संस्कृत 'सत्'च्या 'सन्तः' या अनेकवचनातून. धातू 'अस्', म्हणजे असणे. 'सांता'च्या मुळाशी आहे लॅटिन 'सांक्टुस', म्हणजे विधीने पवित्र केलेला, त्याचा धातूच वेगळा. 'सन्त्'चा खरा लॅटिन भाऊबंद 'प्राएसेन्स' या शब्दात आहे. 'प्राए' म्हणजे पुढे, उरलेला भाग म्हणजे असणारा. त्यावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'प्रेझेंट' आला: हजेरीतला आणि समोर ठेवलेल्या भेटीचाही. आपल्या संताचं नातं सांताशी नाही, त्याच्या पोतडीतल्या प्रेझेंटशी आहे!

सांताक्लॉज हा डच 'सिंटरक्लास', म्हणजे संत निकोलास. आपण नारायणाचा नाऱ्या करताना शेपूट छाटतो. डचांनी निकोलासचं डोकं छाटून 'क्लास' ठेवला. मधला 'र' कुठला? 'सिंट हेर क्लास', म्हणजे 'संत श्री क्लास', ही फोड मला पटते. न्यूयॉर्कच्या १७७३च्या वर्तमानपत्रात 'सेंट अ क्लॉज' असं छापलंय. तो सुटा 'अ' म्हणजे झिजलेला 'हेर'च, असं माझं ठाम मत आहे. सांताक्रूझ स्टेशनाचा दाखला इथे चालत नाही. तिथला 'सांता' पोर्तुगीज, आणि त्या भाषेत 'क्रूझ' (क्रूस) स्त्रीलिंगी म्हणून तोही स्त्रीलिंगी.

'डच वसाहतकऱ्यांनी सांताला जहाजावरून अमेरिकेत आणलं' ही गोष्ट तर इतिहास म्हणून सांगूच नका. ती अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्विंगच्या १८०९च्या विनोदी बखरीतली. त्याने निकरबॉकर नावाचा खोटा इतिहासकार उभा केला आणि जहाजाच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) रुंद काठाची टोपी घातलेला, लांबलचक चिलीम ओढणारा संत निकोलस बसवला. थट्टा होती, लोकांनी खरी मानली. डचांच्या ताब्यातल्या न्यूयॉर्कात निकोलसचा उत्सव होत असल्याचा पुरावाच नाही, हे अभ्यासक चार्ल्स जोन्स यांनी १९५४ साली मांडलं, ते योग्यच. पण त्यांचा हवाला देऊन 'नावही अर्विंगनेच घडवलं' म्हणणाऱ्यांनी १७७३ आणि १८०९ यांची वजाबाकी करावी. नाव छत्तीस वर्षं आधीचं आहे. अर्विंगची ती फक्त कहाणी.

लेखनाचं राहिलंच. 'सांताक्लॉज' लिहा, आणि शेवटचा ज 'जहाज'मधला म्हणा, 'जन्म'मधला नव्हे.