थंडीत इंजिन चालू होत नाही? आधी हात आवर

डिसेंबरात सकाळी सेसना 172, म्हणजे आपलं शिकायचं छोटं विमान, कुरकुर करते म्हणून घाबरू नकोस. परभणीकडं पारा 5-6 अंशांवर आला तरी इंजिन बाहेरून तापवायची पाळी येत नाही. इंजिन बनवणारी लायकमिंग कंपनी बहुतेक मॉडेलांना ते उणे 12 च्या खाली सांगते. आपल्याकडं घोळ बहुतेकदा हाताचा असतो, नाहीतर बॅटरीचा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे थ्रॉटल पंप करणं. कार्ब्युरेटरचं इंजिन असेल तर पेट्रोल खाली साचतं, आणि बॅकफायर झाला की तिथंच भडका. तसं झालंच तर स्टार्टर सोडायचा नाही, फिरवत राहा, ज्वाळा आत ओढल्या जातात. प्रायमर, म्हणजे इंजिनात थोडं पेट्रोल सोडणारा हातपंप, तो वापर, हँडबुकात लिहिलंय तेवढाच. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी तो सात-आठ वेळा मारला होता. काउलिंगखालून, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाखालून, पेट्रोल टपटप गळत होतं, आणि सर नुसते बघत उभे!

इंजिन असं ओलं झालं तर:
- मिक्श्चर (इंजिनाला जाणारं पेट्रोल कमीजास्त करणारा दांडा) बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, मग स्टार्टर.
- पेट घेताच मिक्श्चर पुढं, थ्रॉटल लगेच मागं.

स्टार्टर 10 सेकंद, मग 20 सेकंद दम. तीनदा झालं की 10 मिनिटं चहा पिऊन ये.

चालू झाल्यावर डोळा ऑइल प्रेशरवर. अर्ध्या मिनिटात काटा हलला नाही तर बंद कर. पुढचा पंखा (प्रोपेलर) हातानं फिरवायला मात्र जाऊ नकोस, मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रं) बंद असले तरी.