परवा लग्न, आज गालावर मुरूम: दोन दिवसांत बसेल का?

परवा भुसावळला बहिणीचं लग्न आणि आज गालावर टपोरा लाल मुरूम, वाचून जीव कळवळला. पूर्ण जाणार नाही कदाचित, पण बराच बसतो.

आधी हात लावणं बंद. फोडलात तर डाग महिनोन्महिने राहील. स्वच्छ रुमालात बर्फ गुंडाळून थोडा वेळ धरा, ठणका उतरतो. मग चेहरा धुऊन, कोरडा करून 2.5 टक्क्यांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड जेल मुगाच्या दाण्याएवढं, फक्त मुरमावर. ते जंतू मारतं. 10 टक्क्यांच्या जेलचा गुण जवळपास तेवढाच, जळजळ मात्र जास्त. उशीवर जुना टॉवेल टाका, या जेलने कापडाचा रंग उडतो. माझ्या हिरव्या अभ्र्यावर पांढरे ठिपके अजून आहेत.

टूथपेस्ट, लिंबू नकोच. मेडिकलवरून आणलेलं स्टेरॉइडचं क्रीम तर मुळीच नको. आणि आपल्याकडच्या उन्हात गाडीवर तोंडाला बांधता तो घामट स्कार्फ रोज धुवा.

गाठ खोल, दुखरी असेल तर आजच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. गाठीतच स्टेरॉइडचं छोटं इंजेक्शन देतात, बहुतेकदा दोन-तीन दिवसांत ती सपाट होते.