अंदमानला पहिल्यांदा निघालात तर

सोलापूरहून रेल्वेने चेन्नई, तिथून विमानाने श्री विजयपुरम, म्हणजे जुनं पोर्ट ब्लेअर. प्रवासाचं काही नाही, घोळ होतो तो मुक्कामाचा. सगळ्या रात्री शहरातच काढू नका. सेल्युलर जेलला अर्धा दिवस द्या, सावरकरांची कोठडी शांतपणे बघा. मग बोटीने स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक बेट, गाठून दोन रात्री तिथेच राहा. खोली विजयनगर किनाऱ्याकडे घ्या. तिथल्याच राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त चुकवू नका, पण चारलाच पोहोचा. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाला मावळतो, तिथे पाचलाच! शहीद द्वीप, म्हणजे जुन्या नील बेटावरचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट बघता येतो, तेव्हा वेळ हॉटेलवाल्याला आधी विचारा. शेंगाचटणी, कडक भाकरी खुशाल न्या; येताना प्रवाळाचा तुकडाही उचलू नका, कायद्याने बंदी आहे.