कुकरची शिट्टी आणि एप्रिल

प्रश्न: नमस्कार ताई, आमच्या वरच्या खोलीत रवांडाची एक बाई भाड्याने राहते, चाळिशीची आहे, इथे पीएचडी करतेय. १९९४ च्या कत्तलीत तिचं सगळं घर गेलं, तेव्हा ती दहा वर्षांची. एवढी हुशार, हसरी, स्वतःच म्हणते की त्या दिवसांनी मला खंबीर केलं. पण आमच्या कुकरची शिट्टी झाली की हातातला कप तसाच धरून उभी राहते, आणि एप्रिल लागला की खालीच येत नाही. हे म्हणतात, खंबीर वगैरे नुसतं बोलायला. खरं काय मानू?
— एक वाचक, पुणे

उत्तर: दोन्ही खरं, काकू. काकांना सांगा, ती नाटक करत नाहीये, ना हसताना ना घाबरताना. नव्वदच्या दशकात टेडेस्की आणि कॅलहून ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 'पोस्ट ट्रॉमॅटिक ग्रोथ', म्हणजे आघातानंतर माणूस आतून वाढणं, हा शब्द रूढ केला, पण माणूस वाढला म्हणजे त्रास गेला असं त्यांनीही म्हटलेलं नाही, दोन्ही एकाच माणसात वर्षानुवर्षं नांदतात.

शिट्टीचं म्हणाल तर तिच्या मनातलं मी कसं सांगणार, पण तिकडे इंटराहाम्वे ह्या कट्टर हुतूंच्या सशस्त्र संघटनेच्या टोळ्या शिट्ट्या वाजवत लपलेल्या तुत्सी समाजाच्या लोकांना हुडकत फिरायच्या, शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली. सुरुवात ७ एप्रिलची, म्हणून दरवर्षी त्याच दिवसापासून 'क्विबुका' म्हणजे स्मरण सुरू होतं, आणि त्या सभांमध्ये एरवी नोकरी-संसार नीट करणारी माणसं अचानक किंचाळतात, पळत सुटतात, तिथे समुपदेशक तयार ठेवावे लागतात. त्याला त्यांच्या भाषेत शब्दच आहे, 'इहाहामुका', भीतीने श्वासच निघून जाणं.

आणि प्लीज, 'बोल म्हणजे मोकळं वाटेल' म्हणून मागे लागू नका. तिकडच्या गचाचा म्हणजे गावपंचायतीसारख्या कोर्टांत साक्ष दिलेल्यांमध्ये डिप्रेशन जास्त आढळलं होतं, कमी नाही. तिने आपणहून सांगितलं तर ऐका, 'तू किती स्ट्राँग' एवढं मात्र नको, मग रडायची सोय राहत नाही. झोप-जेवण पार सुटलं किंवा मरणाची भाषा आली तर मात्र थांबू नका, सोबत घेऊन सायकियाट्रिस्टकडे जा.

बाकी वरणाचं म्हणाल तर एप्रिलमध्ये डाळ पातेल्यात शिजवा, गॅस जास्त जाईल, जाऊ दे. डबा दाराशी ठेवून हळू हाक मारा, तसाच परत आला तरी दुसऱ्या दिवशी परत ठेवा.